जबाबदार माणूस कुठं राहतो?

दोस्तांनो, पेपरातली एक बातमी तुम्ही शंभरदा वाचली असेल. 'इमारतीचे काम सुरू असताना तोल जाऊन पडल्याने मजुराचा मृत्यू.' चार बोटं जागा. बाजूला फ्लॅटची जाहिरात. बातमीत मजुराचं नाव असलंच तर चुकीचं असतं, जाहिरातीत बिल्डरचा फोन नंबर मात्र कधी चुकत नाही.

'तोल जाऊन' हे दोन शब्द नीट बघा. आख्खं कोर्ट या दोन शब्दांत बसलंय. तोल कुणाचा गेला? मजुराचा. फळी कुणी टाकली, दोरी किती पावसाळ्यांची होती, कठडा का नव्हता, यातलं काही विचारायचं कारणच उरत नाही. फिर्याद, पंचनामा, साक्ष, निकाल सगळं झालं. आणि निकाल काय? जो मेला तोच गुन्हेगार.

आमच्या कोनमध्ये हा निकाल मी जवळून पाहिला. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळून खाडी ओलांडली की भिवंडीच्या रस्त्याला लागतं ते कोन. इकडं खाडी, तिकडं गोदामं, मधे आमच्या चाळी. चाळीवर मजला चढतो, मजल्यावर मजला चढतो. बारा महिने कुठं ना कुठं परांची बांधलेली असतेच.

आमच्या आळीत जालन्याकडचा एक गवंडी राहायचा. सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. पावसाळा सरला आणि पलीकडच्या गल्लीत एका तीन मजली घराचं बाहेरचं प्लास्टर निघालं. पावसाआधी बांधलेली परांची चार महिने तशीच भिजत उभी होती. मामा सकाळी चहाच्या टपरीवर मुकादमाला म्हणाला, "दोऱ्या कुजल्यात रं. नव्या बांधून घे, मग चढतो." मुकादम म्हणाला, "दोन दिसाचं काम ऱ्हायलंय. चढायचं तर चढ, न्हायतर घरी जा. नाक्यावर शंभर उभेत."

मामा चढला. साडेअकराच्या सुमाराला पडला.

तिसऱ्या मजल्यावरून म्हणजे साधारण १० मीटरवरून. मी मॅट्रिकला शिकलेलं गणित त्या रात्री पुन्हा मांडून बघितलं. एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. दीड सेकंदात 'आई' म्हणून होतं. दुसरं काही होत नाही.

कागदावर लिहिलं गेलं, 'काम करीत असताना तोल जाऊन पडून मयत.' मामीला ते कुणीतरी वाचून दाखवलं. ती रडायची थांबली आणि म्हणाली, "त्यांचा तोल? तीस वर्सं ओळंबा धरला त्या मान्सानं. एक भिंत कधी वाकडी गेली नाही. त्यांचा तोल कसा जाईल?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथं कुणी थांबलं नाही. ठेकेदारानं एका पाकिटात काही पैसे दिले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. आणि हो, मुकादम आपलाच. त्याच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, फोटोला रोज हार असतो. हे लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल.

मग मी कायदा शोधायला लागलो. १९९६ साली बांधकाम मजुरांचा कायदा झाला. १९९८ साली त्याचे केंद्राचे नियम आले. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचले. तुम्ही हसाल, पण परांचीसाठी त्यात आख्खं प्रकरण आहे. परांचीचं सामान पक्कं आणि दोष नसलेलं पाहिजे. बांबू वापरला तर तो चांगला, गाठी बाहेर न आलेला, तासून घेतलेला पाहिजे, म्हणजे मजुराचा हात फाटणार नाही. मजुराच्या हाताची एवढी काळजी! मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझ्या आज्याचे हात आठवले.

आणि त्याच प्रकरणात मला तो भेटला. जबाबदार माणूस. नियम सांगतो की परांची बांधायची, वाढवायची, बदलायची किंवा सोडायची ती एका जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच. इंग्रजीत 'रिस्पॉन्सिबल पर्सन' म्हणतात त्याला.

दोस्तांनो, मी कोनमध्ये या माणसाला शोधायला निघालो.

घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, मी ठेका दिलाय, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणाला, मी चार साइट बघतो, तिथं मुकादम असतो. मुकादम म्हणाला, मी रोजावरचा माणूस, परांची बांधणारी टोळी वेगळी होती. टोळी गावाला गेली होती. सरकारी माणूस म्हणाला, किती मजूर होते? मी म्हणालो, सहा. त्यानं फाइल मिटली.

का मिटली ते ऐका. कायदा लागू व्हायला दहा मजूर लागतात. सहा माणसं मरणाच्या उंचीवर चढली तरी कायद्याच्या हिशेबात ती चढलेलीच नसतात. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या घराचं बांधकाम १० लाखांपर्यंत असेल तर सूट होती. आता २०२० ची नवी संहिता आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि जुने १३ कायदे तिच्या पोटात गेले. तिच्यात ही सूट ५० लाखांपर्यंत गेलीय. दहा मजुरांची अट जिथल्या तिथं. कोनसारख्या गावात जी परांची रोज उभी राहते ती बहुतेक अशीच असते. पाच-सहा माणसांची, कायद्याच्या खिडकीतून न दिसणारी.

कुणी म्हणेल, ही छोट्या कामांची गोष्ट झाली, मोठ्या कामावर सगळं नीट असतं. खाडीपलीकडचं ठाण्याचं बाळकुम बघा. १० सप्टेंबर २०२३. चाळीस मजली टॉवरच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंगचं काम करून मजूर बांधकामाच्या लिफ्टनं खाली येत होते. लिफ्ट कोसळली. ७ मेले. त्याच्या सव्वा महिना आधी, ३१ जुलै २०२३ च्या रात्री, आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं यंत्र पडलं. २० मेले. तिथं दहा मजुरांची अडचण नव्हती. इंजिनिअर होते, नकाशे होते, हेल्मेटं होती. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भिवंडीत मेट्रो ५ च्या कामावरून लोखंडी सळई पडली आणि खालून रिक्षानं जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात घुसली. ही मेट्रो उद्या कोनवरून कल्याणला जायची आहे. म्हणजे हा प्रश्न वर चढणाऱ्याचाच राहिलेला नाही. खालून चालणाऱ्याचाही आहे. पण खालचा माणूस जखमी झाला तेव्हा शहराला जाग आली. वरचा रोज पडतो तेव्हा 'तोल जातो'.

आता मी माझ्या गोदीची गोष्ट सांगतो. कौतुक म्हणून नाही. गोदीतही माणसं चिरडतात, बोटं जातात. पण गोदीतल्या क्रेनच्या हुकावर, साखळीवर एक आकडा कोरलेला असतो. किती टन उचलायचे, त्याच्यापुढं नाही. तपासणीचा दाखला असतो, रजिस्टर असतं. आकड्याच्या वर माल लावला तर टोळीतला साधा माणूससुद्धा ओरडतो, 'ए, उतरव!' आणि माल खाली येतो. हे कुण्या शेठजीच्या पोटात दया आली म्हणून झालेलं नाही. १९३४ साली गोदी मजुरांचा कायदा झाला, पण तो लागू व्हायला १९४८ साल उजाडलं. मग १९८६ साली नवा कायदा आला. मधे युनियननं संप केले, माणसं जेलात गेली, काही मेली. तेव्हा त्या लोखंडावर आकडा उमटला.

परांचीच्या बांबूवर असला आकडा नाही. तिच्यावर किती माणसं, किती घमेली, किती विटा चढवायच्या ते कुठं लिहिलेलं नाही. लोखंडाला आपली ताकद सांगायचा हक्क मिळाला, मजुराला मिळाला नाही. आणि आता माझा १९८६ चा कायदा आणि मामाचा १९९६ चा कायदा एकाच संहितेच्या पिशवीत कोंबलेत. पिशवी मोठी झाली. आत काय उरलं ते आपल्यालाच हात घालून बघावं लागेल.

सरकार म्हणतं, आम्ही ट्रेनिंग देतो. २०२२ साली केंद्रानं 'निपुण' नावाची योजना काढली, १ लाखाहून जास्त बांधकाम मजुरांना कसब शिकवायची. शिकवा. कसबाला आमची ना नाही. पण पैशाचं काय झालं तेही सांगा. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, मजुरांच्या नावानं. १९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकालात हिशेब मांडला. देशभरात ३७,४०० कोटींच्या वर जमा आणि खर्च साधारण ९,५०० कोटी. बाकीचे पैसे पडून. महाराष्ट्राचं कल्याणकारी मंडळ २०११ सालचं. मंडळानं नाक्यावर भांड्यांचे संच वाटले, ते सगळ्यांना माहीत आहे. रांगा लागल्या, दलाल झाले. पण परांची कशी तपासायची हे शिकवणारा माणूस आमच्या नाक्यावर आलेला मी तरी पाहिला नाही. भांडी वाजतात, फोटो निघतो. न पडलेल्या माणसाचा फोटो कसा काढणार?

कामावर मेला तर मंडळाकडून वारसाला ५ लाख. पण त्यासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. मामानं तीस वर्षं काम केलं. ९० दिवसांवर सही करणारा एक ठेकेदार त्याला मिळाला नाही. सही केली तर तो मालक ठरतो. मालक ठरला तर जबाबदार ठरतो. कळलं? जबाबदार माणूस कुठं राहतो हे इथं कळतं. तो सहीच्या अलीकडं राहतो. पेन हातात आलं की गायब होतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परांचीचं ट्रेनिंग म्हणजे पिवळं हेल्मेट घालून उभं राहायचं आणि साहेबाचं भाषण ऐकायचं असं असेल तर ते त्यांनाच लखलाभ. मजुराला परांची बघता आली पाहिजे आणि बघून 'नाही चढणार' म्हणता आलं पाहिजे. ही दोन्ही मिळून एक शिक्षण आहे. पहिलं दुसऱ्याशिवाय दिलं तर माणूस धोका कळून मरतो. मामा तसाच मेला. दोरी कुजलीय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्याला अक्कल कमी नव्हती. त्याच्या 'नाही'ला किंमत नव्हती.

त्या 'नाही'ला किंमत का नाही? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही, कामगारांनाच एकमेकांपासून तोडते. परांचीवर नजर टाका. खड्डा खणणारा कोण, दगड फोडणारा कोण, घमेलं वाहणारी बाई कोण, बाहेरच्या बाजूला लोंबकळून रंग देणारा कोण? वडार, लमाण, मातंग, बौद्ध, कातकरी, बिहारचा आणि बंगालचा मुसलमान. उंची वाढते तशी माणसाची किंमत कमी होत जाते. असं उलटं गणित जगात दुसरीकडं नसेल. आणि नाक्यावर हेच सगळे एकमेकांकडं तिरके बघत उभे. 'तो भय्या दोनशे कमी घेतो.' 'तो बंगाली कुठंही चढतो.' मुकादमाचे 'शंभर उभेत' हे त्याच तिरकेपणावर चालतं. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात कामगार, भूमिहीन, आदिवासी, स्त्रिया, सगळे पिळले जाणारे घेतले होते. तो शब्द नाक्यावर उतरवायचा तर बंगालचा गवंडी आधी आपला झाला पाहिजे.

एकट्यानं 'नाही' म्हटलं तर त्याचा रोज जातो. नाक्यानं 'नाही' म्हटलं तर दोरी विकत येते. नव्या संहितेतही मजुराला जीवाचा धोका वाटला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क आहे. कळवायचा! कागद जाईपर्यंत फळी थांबत नाही. म्हणून कागदाच्या आधी दहा जणांनी मिळून खाली उतरायचं.

बघायला काय शिकायचं? एका रविवारचं काम आहे. आधी पाय बघायचा. बांबूचा पाय ओल्या भरावावर, फुटक्या विटेवर असेल तर वरचं सगळं खोटं. खाली जाड फळी हवी. मग परांची भिंतीला बांधलीय का ते बघायचं. नुसती टेकलेली असेल तर ती बाहेर जाते. मग तिरके बांबू. ते नसतील तर चौकोन लोळतो. खात्री नसेल तर काडेपेटीची रिकामी खोकी बोटांनी दाबून बघा. मग फळ्या. एक फळी म्हणजे डोंबाऱ्याची दोरी. फळ्या एकमेकींना लागून हव्यात, बांधलेल्या हव्यात. टोक आधाराबाहेर लोंबत असेल तर त्यावर पाय पडताच दुसरं टोक उठतं. मग कमरेएवढा कठडा आणि पायाशी पट्टी, म्हणजे माणूस खाली जाणार नाही आणि वीटही खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. मग दोरी. काथ्या नखानं खरवडायचा. भुगा निघाला तर चढायचं नाही. शेवटी पट्टा. पट्ट्याचा हूक कशात अडकवलाय? त्याच बांबूत असेल तर बांबूसकट खाली जाल. हूक पक्क्या बांधकामात हवा, डोक्याच्या वर हवा. पाऊस झाला, वारा झाला, कुणी एक बांबू काढून नेला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता आपल्या घरात येतो. राग येईल, येऊ द्या. १४ एप्रिलला आपण तीस-तीस फुटी कमानी उभ्या करतो. मांडवाच्या टोकावर निळा झेंडा बांधायला एक पोरगं सरसर चढतं. आपण खालून शिट्ट्या मारतो. त्याच्या कमरेला काय असतं? विहाराच्या कळसाला रंग द्यायला चढलेल्याच्या खाली जाळी असते का? कमिटीच्या खर्चात बँजो असतो, डीजे असतो, पट्ट्याचा खर्च कुठल्या पानावर असतो? तो पडला तर आपणही हेच म्हणणार का, 'पोराचा तोल गेला'? मग आपल्यात आणि त्या ठेकेदारात फरक कुठला? त्याचा हार महाग, आपला हार निळा, एवढाच?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. मजूर जिथं मरतो ती जागा त्यांनी डोळ्यांनी बघितली. आजचे पुढारी भूमिपूजनाला कुदळ मारतात आणि उद्घाटनाला फीत कापतात. मधल्या दोन वर्षांत परांचीवर कोण असतं ते त्यांना ठाऊक नाही. आणि आपण? आपण कविता लिहितो. मीही लिहितो. मामावर मी लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि फाडल्या. दोरी कुजलीय हे मलाही दिसत होतं. मी रोज त्या परांचीखालून स्टेशनला जायचो. मी काही बोललो नव्हतो.

तेव्हा सुरुवात कोनपासून. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात जिथं आपली शाखा आहे तिथंही करा. दर रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात चार बांबू, चार फळ्या, दोरी. शिकवायला जुने गवंडी. शिकायला नाका, बायांसकट. त्यांच्या हातून घमेलं काढून त्यांच्याही हातात ही विद्या द्या. बोलणं मराठीत, हिंदीत, बंगालीत. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी तिथंच यादी करा आणि तीस-तीस जण मिळून ग्रामपंचायतीत जा. आणि गावाकडून, सरकारकडून एकच मागणी. प्रत्येक परांचीच्या पायाशी एक पाटी. पाटीवर जबाबदार माणसाचं नाव, फोन नंबर आणि शेवटी कधी तपासली ती तारीख. सहा मजूर असोत नाहीतर सहाशे. पाटी नाही तर चढणं नाही. याची सुरुवात आपल्या जयंतीच्या कमानीपासून करू. पहिली पाटी आपली, पहिलं नाव आपल्या अध्यक्षाचं.

पुढं कधी पेपरात 'तोल जाऊन' असं छापून आलं, तर त्या परांचीपाशी जा आणि पाटी शोधा. पाटीवर नाव असेल तर ते नाव घेऊन पोलीस ठाण्यात जा. नसेल तर नाव का नव्हतं हे विचारत जा, पण एकटे जाऊ नका.

मामीच्या घरात खुंटीला अजून तो ओळंबा टांगलाय. तो सरळच लटकतो. वाकडं दुसरंच काहीतरी आहे.

जय भीम!